धरून ठेवलेला फोन

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता पंचनामा कोणत्या गावचा, हे सांगताना माझी गल्लत होते. पण सोनाळ्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका संत्र्याच्या बागेतलं प्रकरण असं मिसळत नाही. त्यातल्या माणसांची नावं सांगणार नाही. त्यातली दोघं हयात आहेत, त्यांना त्यांचं जगू द्यावं.

मी तेव्हा त्या भागातल्या ठाण्याचा प्रभारी होतो. मूळचा घाटावरचा, मेहकरकडचा. घाटाखालचं ऊन आणि इथल्या बोलण्याचा ठसका अंगवळणी पडायला मला वेळ लागला होता. त्या सकाळी हजेरी झाली होती, ड्यूट्या वाटून झाल्या होत्या आणि मी स्टेशन डायरी चाळत होतो. तेवढ्यात एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. पाटील एरवी धीराचा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज कापत होता.

"साहेब, लवकर निघा. विहिरीत करंट लागून मानूस गेला. लोकं म्हनतात, सख्ख्या भावानं मोटर चालू केली. काठ्या घेऊन जमून राह्यले सारे."

"भाऊ कुठे आहे?"

"त्याले म्या माह्या घरात कोंडून ठेवलं. पन साहेब, दरवाजा जुना हाय."

दरवाजा जुना आहे, हे ऐकल्यावर मी पुढचं काही विचारलं नाही. ठाण्यात होते तेवढे कर्मचारी गाडीत घातले आणि निघालो.

पाटलांच्या घरासमोर अर्धं गाव लोटलं होतं. "बाहेर काढ बे त्याले!" असा एकच गलका चालला होता. गर्दीचा एक स्वभाव मी पुष्कळ वेळा पाहिला आहे. गर्दीला न्याय नको असतो, तिला काहीतरी होताना पाहायचं असतं. मी गाडीतून उतरून थेट दाराशी गेलो, भावाला बाहेर काढलं आणि सगळ्यांच्या देखत त्याचा दंड धरून गाडीत बसवला. पोलिसांनी पकडला असं लोकांना दिसलं, त्यामुळे काठ्या थोड्या खाली आल्या. खरं म्हणजे मी त्याला पकडला नव्हता, तिथून सोडवून नेत होतो.

तो पन्नाशीच्या आसपासचा शेतकरी होता. ओल्या धोतराचा सोगा हातात घट्ट धरलेला, ओठ कोरडे पडलेले. ठाण्यात पोचेपर्यंत तो एकच वाक्य बोलला.

"मी फोन धरला होता, साहेब."

पुढचे दोन दिवस आम्ही सगळे या वाक्यावर डोकं आपटत होतो.

आता त्या विहिरीचं सांगतो. दोन भावांची सामाईक विहीर. थोरला गेला तो, धाकटा माझ्या ठाण्यात बसलेला. बागा लागून लागून, मधे एक धुरा, म्हणजे बांध, आणि त्या धुऱ्यावरून वर्षभरापूर्वी दोघांची हाणामारीपर्यंत गेलेली. तेव्हापासून घरी जाणं-येणं बंद होतं. भावाभावांत धुरा सरकला की काय होतं, ते इकडे कोणाला सांगावं लागत नाही. त्यामुळे खून का झाला, हे गावाने कोणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं.

विहिरीवर मोबाईलवर चालणारा स्टार्टर होता. आता तो बहुतेक विहिरींवर असतो. लोक त्याला नुसतं 'डबा' म्हणतात. डब्यात सिमकार्ड असतं. ज्यांचे नंबर त्यात भरलेले आहेत त्यांनी फोन केला की डबा फोन उचलतो आणि आतून एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज येतो: थ्री फेज लाइन आहे की नाही, मोटर चालू आहे की बंद, चालू करायची तर एक दाबा, बंद करायची तर दोन दाबा. फोन ठेवेपर्यंत ती तेच तेच सांगत राहते. बायको बोलायला लागली की नवरे म्हणतात, आली डब्यातली बाई. या डब्यात तीन नंबर भरलेले होते. थोरल्याचा, धाकट्याचा आणि पुण्याला कारखान्यात काम करणाऱ्या थोरल्याच्या मुलाचा.

घटना एवढीच होती. पाण्यातल्या मोटरच्या केबलचा जोड सैल झाला होता. थोरला तो बांधायला विहिरीत उतरला. पाणी कमरेपर्यंत. धाकटा वर काठावर, कानाला फोन लावून उभा. शेजारच्या वावरात काम करणाऱ्या दोन बायांनी त्याला तसा उभा पाहिला होता. मग मोटर सुरू झाल्याचा घुमणारा आवाज आला, किंकाळी आली, आणि बाया धावत पोचल्या तेव्हा धाकटा बांबूने स्टार्टरची वायर झोडपून तोडत होता. भावाला वाचवायला तोडत होता, असं एकीला वाटलं. पुरावा मोडत होता, असं दुसरी म्हणाली. गावाने दुसरीचं ऐकलं.

इन्क्वेस्ट म्हणजे प्रेताचा पंचनामा केला, प्रेत ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. विजेच्या धक्क्याने मृत्यू, असं डॉक्टरांनी तोंडी सांगितलं. मी अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, खुनाचा गुन्हा दाखल केला नाही. धाकट्याला चौकशीसाठी आणि त्याच्याच सुरक्षेसाठी ठाण्यात बसवून ठेवलं.

दुपारपर्यंत बुलढाण्याच्या सायबर शाखेने फोनचा तपशील काढून दिला. धाकट्याच्या मोबाईलवरून डब्याच्या नंबरावर फोन गेला होता. बराच लांबलेला फोन. आणि तो ठेवल्यावर लगेच बायांना मोटरचा आवाज आला होता. थोरल्याचा मोबाईल काठावर काढून ठेवलेल्या त्याच्या सदऱ्याच्या खिशात सापडला, त्यावरून त्या सकाळी डब्याला फोन नव्हता. मुलाच्या नंबरावरूनही डब्याला एकही फोन नव्हता. तीनातून दोन वजा केले की एक उरतो. फोनवर कोणतं बटण दाबलं, हे त्या तपशिलात येत नाही, पण दाबणारा माणूस तर समोरच बसलेला होता.

मी त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

"मोटर कोणी चालू केली?"

"मी फोन धरला होता, साहेब."

"धरला होता म्हणजे काय?"

"मानूस विहिरीत उतरला का वरच्यानं डब्याले फोन लावाचा अन् धरून ठेवाचा. मंग डबा बिझी राह्यते. दुसऱ्या कोनाचा फोन लागतच नाही. आमच्याकळे सारेच असं करतात."

"फ्यूज काढून खाली उतरता येत नाही?"

"फ्यूज डीपीवर, ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत. डीपी नाल्याच्या पल्याड, दुसऱ्याच्या वावरात. अन् इथला मेन स्विच जळला तवापासून डायरेक्टच जोडेल हाय."

मी कपाळावर हात मारला. माणसं स्वतःच्या जिवाची व्यवस्था कशी लावतात पाहा. एक स्विच बदलायचा कंटाळा, म्हणून जीव एका फोनवर टांगायचा. आणि इतकी वर्षं ते चाललंही होतं, म्हणून त्यात काही चुकतंय असं कोणाला वाटलं नव्हतं.

"बरं, फोन धरला होतास. मग ठेवलास काऊन?"

"दादानं खालून आवाज देल्ला, 'झालं रे'. म्हनून ठेवला."

"आणि मग मोटर आपोआप सुरू झाली?"

मी पुन्हा विचारलं, आवाज चढवून विचारलं. त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"भावाशी वर्षभर बोलत नव्हतास ना तू?"

"घरी नव्हतो बोलत. धुऱ्यावर भांडलो, हाव. पन विहिरीवर कायचं भांडन, साहेब? पानी तर दोघालेबी लागते."

माझा लेखनिक हवालदार जुन्या वळणाचा. दाराबाहेर मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, दोन कानाखाली ओढा. संध्याकाळपर्यंत सारं बोलून मोकळा होते." मी हात उचलत नसे. मी काही फार सज्जन आहे म्हणून नव्हे. मार खाल्लेला माणूस तुम्हाला हवं तेच सांगतो, आणि मग पंचाईत अशी होते की तुमचाच त्यावर विश्वास बसतो.

पण मलाही तो माणूस खटकत होता. वर्षानुवर्षं आरोपी समोर बसवल्यावर एक गोष्ट कळते. निर्दोष माणूस आधी रडतो, मग चिडतो, आणि मग दुसऱ्या कोणाकडे तरी बोट दाखवतो. 'मी नाही केलं, मग कोणी केलं ते तुम्ही शोधा ना' असं म्हणतोच म्हणतो. हा माणूस तसं एकदाही म्हणाला नाही. भाऊ डोळ्यांदेखत गेला, आळ अंगावर आला, बाहेर गाव पेटलंय, आणि याला मोटर कोणी चालू केली हा प्रश्नच पडत नव्हता. मला ते अपराध्याचं लक्षण वाटलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगा पुण्याहून पोचला. सकाळी ठाण्याचा व्हरांडा माणसांनी भरला. काकाला अटक झाल्याशिवाय प्रेत ताब्यात घेणार नाही, असं त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं. त्याचे डोळे सुजलेले होते आणि बोलणं धारदार होतं. मी त्याला आत घेऊन जबाब नोंदवायला सुरुवात केली.

"काकानं ठरवून केलं, साहेब. पुरावा माझ्याजवळ आहे. काल शिफ्टला जायच्या आधी मी पुण्याहून मोटर लावून पाहिली. मोबाईलवर त्याचं ॲप आहे, मी रोज तिथूनच लावतो. काल लागलीच नाही. नुसतं चक्र फिरत राहिलं. म्हणजे काकानं डबा अडवून ठेवला होता. मला मधे पडता येऊ नये म्हणून!"

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? गेटवर फोन जमा करावा लागतो आमच्याकडे. जमा केला अन् आत गेलो. दुपारी सुपरवायझरनं बोलावून सांगितलं." त्याने डोळे पुसले. "तो डबा मीच बसवून दिला होता, साहेब. बाबांचे गुडघे दुखायचे. म्हटलं, तुम्ही विहिरीवर जाऊच नका, मी लावतो पुण्याहून."

मी शब्द न् शब्द लिहून घेतला. त्याचा कागद काकाच्या विरुद्ध होता आणि माझ्या फाइलमध्ये तो नीट बसत होता.

त्याच सकाळी मी घटनास्थळाचा सविस्तर पंचनामा करायला पुन्हा विहिरीवर गेलो. काम सुरू केलं आणि उपविभागीय अधिकाऱ्यांचा फोन आला. मी एका संत्र्याच्या झाडाखाली उभा राहून बोलत होतो. बोलत कसला, ऐकून घेत होतो. बातमी पसरली आहे, प्रेत पडून आहे, संध्याकाळपर्यंत अटक दाखवा, तुम्ही कशाची वाट पाहताय? मी मधेच हातवारे करून हवालदाराला विचारलं, विहिरीचे फोटो पाठव म्हटलं होतं, कुठे आहेत? तो विहिरीच्या काठावरून ओरडला, "पाठवले ना साहेब! दोनदा पाठवले!"

माझ्या मोबाईलवर काहीच नव्हतं. साहेबांचं बोलणं संपलं, मी फोन ठेवला. चार पावलं चाललो असेन, तोच खिशात टिंग टिंग टिंग सुरू झालं. सगळे फोटो एकामागून एक, दोन्ही वेळा पाठवलेले. मी हवालदाराला म्हटलं, "आता कसे आले?"

"इथं नेहमीच असं होते, साहेब. डोंगराच्या कडंले फोर-जी पोचत नाही, जुनं टू-जीच राह्यते. बोलनं चालू असलं का नेट थांबते. फोन ठेवला का जे अडकलं ते सारं येते."

मी तिथेच थांबलो. मुलाचं चक्र फिरत राहिलं होतं. बटण दाबलेलं वाया गेलं होतं, असं तो धरून चालला होता आणि मीही. ते वाया गेलं नसेल तर? अडकून राहिलं असेल तर?

डबा बनवणाऱ्या कंपनीचा अभियंता अकोल्याला होता. फोनवर तो म्हणाला, "आमच्या डब्यात फोन आणि नेट दोन्ही सोयी आहेत, काही अडचण येत नाही." मी म्हटलं, या, आणि माझ्यासमोर ते करून दाखवा. गाडी पाठवून आणला त्याला. डबा उघडून दाखवल्यावर आणि मोबाईलला इथे रेंज कोणती येते ते पाहिल्यावर त्याचा सूर बदलला.

त्याने जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. डब्यात मोडेम नावाचा एक छोटा भाग असतो, सिमकार्ड त्याच्या ताब्यात. बोलण्याचा फोन आला तर तोच घेतो आणि ॲपवरचा हुकूम नेटमधून आला तर तोही तोच घेतो. चांगल्या नेटवर्कवर दोन्ही एकदम चालतात. पण जुन्या टू-जीवर हा मोडेम म्हणजे वावराचं अरुंद फाटक. एका वेळी एकच बैलगाडी जाणार. बोलण्याचा फोन आला की मोडेम नेटचं काम बाजूला ठेवतो. तोडत नाही, थांबवून ठेवतो. इकडे ॲपवर दाबलेला हुकूम कंपनीच्या यंत्रणेत पोचलेला असतो, आणि डब्याकडून उत्तर येत नाही म्हणून ती यंत्रणा तो पुन्हा पुन्हा पाठवत राहते. फोन ठेवला की मोडेम परत नेट धरतो आणि दाराशी थांबलेला हुकूम आत घेतो. आणि ॲपवरून आलेला हुकूम म्हणजे बोलण्याचा फोन नव्हे, त्यामुळे आमच्या फोनच्या तपशिलात तो दिसणारच नव्हता.

"सिद्ध करून दाखवा," मी म्हणालो.

पाण्यातली मोटर आधीच काढून टाकलेली होती. तोडलेली वायर जोडून नुसता स्टार्टर चालू राहील अशी सोय केली. दोन पंच उभे केले. अभियंत्याने हवालदाराचा नंबर डब्यात भरला. हवालदाराने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मोटर बंद आहे, चालू करण्यासाठी एक दाबा. मोटर बंद आहे, चालू करण्यासाठी एक दाबा. अभियंत्याने आपल्या मोबाईलवर ॲपमधलं हिरवं बटण दाबलं. चक्र फिरू लागलं. आम्ही उभे. बाई बोलत होती, चक्र फिरत होतं, डबा ढिम्म. बराच वेळ तसाच जाऊ दिला. मग मी हवालदाराला हाताने खूण केली. त्याने एकही आकडा न दाबता फोन ठेवला.

बाईचा आवाज बंद झाला. आणि डब्यात खट् असा आवाज होऊन स्टार्टर ओढला गेला.

एक पंच नकळत दोन पावलं मागे सरला. मी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. अभियंत्याने कंपनीच्या यंत्रणेत आदल्या दिवसाची नोंद पाहिली. हुकूम मुलाच्या ॲपवरून आलेला होता.

मी विहिरीच्या काठावर बसून घेतलं. धाकट्याने फोन जितका वेळ धरून ठेवला, तितका वेळ त्याचा भाऊ जिवंत होता. त्याला मारेकरी ठरवून मी संध्याकाळी कोर्टाच्या वाटेला लावणार होतो. आणि या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला तो मुलगा होता, जो माझ्या व्हरांड्यात बसून बापाच्या खुनाचा न्याय मागत होता.

ठाण्यात परतलो, धाकट्याला माझ्या खोलीत बोलावलं, चहा मागवला. म्हटलं, "तू सुटलास. तू मोटर चालू केली नाहीस, हे मला कळलं आहे."

मला वाटलं होतं, तो हात जोडेल किंवा रडेल. त्याने घाबरून दाराकडे पाहिलं. "कोनाले सांगतलं का, साहेब?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "तुला माहीत होतं?"

"डब्यात तीन नंबर, साहेब. एक मानूस पान्यात होता. एक मी. मी काही दाबलं नाही, हे मले मालूम. मंग राह्यलं कोन?"

"अरे मग बोलला काऊन नाहीस? लोक तुला जिवे मारायला निघाले होते!"

"काय बोलू? पोराले सांगू, का तुह्या हातानं तुहा बाप गेला?" त्याने चहाचा कप बाजूला सरकवला. "साहेब, माह्या नावावर लिहा. चुकून एक दाबल्या गेला म्हना. मी सही करून देतो. माहं काय राह्यलं आता? त्याचं सारं आयुष्य हाय. हे डोक्शात घेऊन थो कसा जगन?"

मोह झाला. फार झाला. तांत्रिक बिघाड, असं दोन शब्दांत लिहून फाइल बंद करता आली असती. पण ती फाइल उद्या मुलाच्या हातात पडणारच होती. वीज कंपनीच्या चौकशीत, भरपाईच्या अर्जात, कोणीतरी वकील त्याला ते वाचून दाखवणारच होता. तेव्हा त्याच्याजवळ कोण असेल? आणि तोपर्यंत हा माणूस गावात भावाचा खुनी म्हणून हिंडणार होता. मी त्याला म्हणालो, "खोटं मी लिहिणार नाही. पण त्याला सांगताना तू माझ्या शेजारी बसशील." त्याने होकारार्थी मान हलवली.

मुलगा आत आला आणि काकासमोर चहाचा कप पाहून पेटला. पुण्याचं बोलणं गळून पडलं. "याले चहा पाजून राह्यले तुम्ही? माहा बाप तिकळे बर्फात पडला हाय अन् याले चहा?"

"बस," मी म्हणालो. "दुपारी विहिरीवर काय केलं ते आधी ऐक."

मी सांगू लागलो. फोन लावून धरला, ॲपवरचं बटण दाबलं, चक्र फिरत राहिलं. तो कारखान्यात यंत्रांवर काम करणारा मुलगा. आम्हाला जे समजायला अर्धा दिवस लागला, ते त्याला माझं वाक्य पुरं व्हायच्या आत समजलं. त्याने हात वर करून मला थांबवलं. खिशातून मोबाईल काढला. दोन दिवस त्याने ते ॲप उघडलं नव्हतं, उघडायचं कारणच नव्हतं. आता उघडलं. पडद्यावर आदल्या सकाळचा संदेश होता. मोटर चालू झाली.

तो आवाज न करता टेबलावर कोसळला. मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला त्याने बाहेरचा व्हरांडा चिडीचूप झाला. मी उठलो, पण माझ्या आधी काका उठला होता. त्याने मुलाचं डोकं छातीशी घट्ट आवळून धरलं आणि त्याच्या कानाशी बोलू लागला. मी तिथेच होतो, म्हणून ऐकलं.

"आयक. आयक माहं. तू बटन दाबलं, रोज दाबते तसं. मी फोन ठेवला, दादानं 'झालं' म्हटलं म्हनून. अन् दादा फ्यूज न काढता उतरला, आमीच तशी सवय लावली. हे तिघायचं हाय, बापू. एकटा नोको घेऊ. मीबी एकटा नाही घेत."

मी खिडकीकडे तोंड केलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि तेव्हा ते लपवावंसं वाटलं. आता वाटत नाही.

दिवस मावळायच्या आत अंत्यविधी झाला. आम्ही बंदोबस्ताला होतो, कारण गावाला अजून काही माहीत नव्हतं. काका स्मशानात दिसताच कुजबुज सुरू झाली. कोणीतरी ओरडलं, "हा काऊन आला इथं?" मुलगा खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन उभा होता. तो वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काकानं नाही केलं. मोटर माह्या हातून चालू झाली." काकाने मडक्याला खालून हात लावला. गर्दीतल्या माणसांनी माना खाली घातल्या आणि हळूहळू वाट करून दिली.

अपघाती मृत्यू म्हणून ते प्रकरण बंद झालं. पुढच्या महिन्यातल्या पोलीस पाटलांच्या बैठकीत मी दुसरा कोणताही विषय घेतला नाही. फोन धरून ठेवून कोणी विहिरीत उतरायचं नाही. डीपीवर जायचं, फ्यूज काढायचा, खिशात घालायचा आणि मगच उतरायचं. हे मी इतक्या वेळा सांगितलं की पाटील मंडळी मला कंटाळली.

माझ्यापुरतं सांगायचं तर, गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवतोय, असं आम्हाला शिकवलं गेलं होतं आणि मीही नव्या पोरांना तेच शिकवत आलो होतो. तो कोणाला तरी जपत असेल, ही शक्यता माझ्या मनात कधी आलीच नव्हती. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, समोरचा माणूस तोंड उघडेना की मी कागद बाजूला ठेवून विचारायचो, "तुला कोणाची काळजी वाटते?" पुष्कळ जण माझ्याकडे वेड्यासारखे बघत. पण काही जण रडू लागत, आणि मग मी दार लावून घेऊन त्यांचं ऐकत बसायचो.